कागदावर मी संपन्न होते

माझ्या माहेरच्या एका कागदावर लिहिलेलं आहे की मी संपन्न बाई आहे. हे मला तेरा वर्षांनी कळलं.

बाप वारला तेव्हा मला दोन मुलगे होते आणि मुलगी पोटात होती. माहेर पातूरकडचं. तेरवी आटोपली आणि भाऊ म्हणाला, "ताई, उद्या अकोल्याले जाऊन येऊ. एक सही पायजे." कसली, ते मी विचारलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, वाचता मला येतं. पण भावाचा कागद भावासमोर वाचायचा म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं, असं मला वाटलं. बहिणींना असं वाटतंच. कोणी आपला हात धरत नाही, डोळे झाकत नाही. वाचायची लाज वाटेल अशी व्यवस्था लहानपणीच करून ठेवलेली असते. मी सही केली. भावानं बाजारातून हिरवी साडी घेऊन दिली आणि परतताना एसटीत मला खिडकीजवळची जागा दिली.

तेरा वर्षांनी माझा नवरा अकोल्याच्या दवाखान्यात पडला. भावानं तोवर अकोल्यात घर बांधलं होतं. मी त्याच्या ओसरीत आठ रात्री झोपले. नवव्या दिवशी भावजयीनं विचारलं, "मंग, परत कवा जाता?" त्याच दिवशी मी भावाला म्हटलं, ऑपरेशन करावं लागते, बाबाच्या वावरातून मले काही दे. तो शांतपणे उठला, कपाटातून कागद काढला आणि वाचून दाखवला. 'मी माझ्या सासरी सुखी व संपन्न असून मला वडिलांच्या मिळकतीची गरज नाही.'

"तूच लिहून देलं, ताई," तो म्हणाला.

माझ्या हातात दवाखान्यात न्यायचा डबा होता. तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही, याचा मला आजही पस्तावा आहे.

नवरा वाचला. गळ्यातलं, कानातलं गेलं, पण वाचला. पुढं पुष्कळ जगला आणि दोन वर्षांमागं गेला. दर्यापूरकडे आमची आठ एकर काळी जमीन. वारस चार: मी, दोन मुलगे आणि मुलगी. थोरला शेती करतो, मी त्याच्याजवळ राहते. धाकटा अमरावतीला प्लॉटचा धंदा करतो.

हा धाकटा आला की पैशाचंच बोलतो. मोबाइलवर कोणी माणूस सांगतो आणि हा ऐकतो. "माय, आजच्या जमान्यात एक करोड बँकेत असल्याशिवाय माणूस सेफ नाही." आधी तो पन्नास लाख म्हणायचा. त्याच्याकडे गाडी आहे, दोन मजली घर आहे, आणि जीव धाकधूक करतो म्हणतो. बरं, करू दे. पण त्याच तोंडानं तो बहिणीबद्दल काय म्हणतो? "तिले काय कमी हाये? तिचं मस्त चाललं."

तिचं मस्त म्हणजे बार्शीटाकळीत भाड्याच्या दोन खोल्या. जावई दुसऱ्याच्या दुकानात मोटारी दुरुस्त करतो, ती ब्लाउज शिवते, लेकरं दोन. भावाला एक करोड पाहिजेत आणि बहिणीला शिलाई मशीन पुरे. हा हिशेब त्याला कोणत्या मोबाइलनं शिकवला, ते मी विचारलं होतं. तो हसला. मी हसले नव्हते.

मी आणि मुलीनं जमिनीवरचा हक्क मुलग्यांना सोडून द्यायचा, त्या हक्कसोडीचा दिवस मुलग्यांनी ठरवला. मुलगी आदल्या दिवशीच घरी आली. सकाळी ती वेणी घालत होती तेव्हा मी विचारलं, "तू करशील सही?"

"करीन ना. दोन भाऊ हायेत मले. तू गेल्यावर एक उंबरठा तरी राहील."

"मले होता उंबरठा. आठ रात्री झोपली मी त्याच्यावर."

"तो जमाना वेगळा होता, माय."

"काय वेगळा होता वं? तवाही भाऊ होते अन् तवाही बहिणी होत्या."

मला इतका राग आला होता की चहा उतू गेला तरी मी उठले नाही. मला तिची भीती कळत होती, म्हणूनच राग येत होता. तिला दोन एकर नको होते असं नाही. तिला भाऊ तुटायला नको होते. आणि ही गोष्ट दोन्ही भावांना पक्की माहीत होती.

तालुक्याला कचेरीबाहेर टिनाच्या शेडमध्ये कागद लिहिणारा बसतो. त्यानं कागद कॉम्प्युटरवर तयारच ठेवला होता. माझं आणि मुलीचं नाव एकाच कागदात. थोरल्यानं पेन पुढं केला. मी म्हटलं, आधी वाचते.

"माय, तीन पानं हायेत," धाकटा म्हणाला.

"मंग बस."

मी बोट ठेवून वाचते, सावकाश वाचते. मागं एक माणूस फाइल घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आजी, आज परीक्षा हाये काय?"

"हाये बाबू. तू चहा पिऊन ये, मले टाइम लागते."

दुसऱ्या पानावर माझ्याबद्दल लिहिलं होतं: लिहून देणार वृद्ध असून त्यांना कसलीही गरज उरलेली नाही. गरज उरली नाही! मला गुडघ्याच्या गोळ्या लागतात, चष्मा बदलायचा आहे, महिन्यातून एकदा मला जिलबी खावीशी वाटते. मेलेल्या माणसाला गरज उरत नाही. मी तर समोर बसले होते.

त्याच्याखाली मुलीबद्दल. 'सासरी सुखी व संपन्न असून.' इतकी वर्षं गेली, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, आणि ओळ तीच. मी ती मोठ्यानं वाचली.

"काहो, इचं घर पाह्यलं का तुमी?" मी त्या लिहिणाऱ्याला विचारलं.

"आजीबाई, ते छापीलच असते. बहिणीच्या कागदात तेच टाकतो आमी."

"भावाच्या कागदात टाकता काय? की तो सुखी हाये, संपन्न हाये, त्याले वावर नको?"

त्याला वाटलं मी गंमत करते. थोरला चिडला. "काढून टाका त्या दोन ओळी. झालं समाधान, माय?"

लिहिणाऱ्यानं ओळी काढल्या आणि मुलीकडे पाहिलं. "मंग कारण काय लिहू, ताई? काही तं लिहा लागते."

मुलगी पेन हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली, "लिहा, सही नाही केली तं भाऊ बोलणार नाहीत म्हून."

थोरल्याचं तोंड लाल झालं. "असं कोण म्हटलं तुले? आमी काय कसाई हाव?"

"मंग सही काहून पायजे, दादा?"

तिनं भांडून विचारलं नाही. खरंच विचारलं. धाकटा मोबाइलमध्ये पाहत म्हणाला, "चार लोकांत तमाशा करून राहिल्या दोघी." मुलीनं पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवला. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी शिकवलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

सही मीही केली नाही. मुलगे गाडीत बसून निघून गेले. आम्ही दोघी जीपच्या स्टॅंडवर गेलो. जीपमध्ये ती रडायला लागली. मी म्हटलं, "रड. पण जमीन ठेवून रड." समोरची बाई माझ्याकडे असं पाहत होती की जणू मीच मुलीला मारलं आहे.

जमिनीचे चार भाग झाले. थोरल्यानं बहिणीशी बोलणं टाकलं. राखीला ती आली तेव्हा तो फवारणीचं औषध आणायला म्हणून सकाळीच निघून गेला. ती चार वाजेपर्यंत बसली आणि राखी त्याच्या बायकोजवळ देऊन गेली. तेव्हा मला वाटलं, आपण चूक केली काय? तास दोन तास वाटलं. मग ओसरीतल्या आठ रात्री आठवल्या. मी सही करूनही माझा भाऊ मला मिळाला नव्हता.

सून माझं ताट आपटून ठेवते. पण ठेवते. माझे दोन एकर माझ्या नावावर आहेत, हे तिला माहीत आहे. प्रेमानं वाढते की जमिनीपायी, हे मी तपासत बसत नाही. पोटभर जेवते. भाजीत मीठ कमी असलं तर मीठ मागते. आधी मी मागत नव्हते.

दोन एकरांनी कोणी श्रीमंत होत नाही. मुलगी अजून भाड्याच्याच खोलीत आहे. तिनं जमीन शेजारच्या शेतकऱ्याला वर्षाच्या मक्त्यानं दिली, त्याचे रोख पैसे हाती आले, आणि जावयानं ते दुकान सोडलं, जिथं मालक त्याला गिऱ्हाइकांसमोर शिव्या द्यायचा. दुसरं काम मिळायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस त्यांच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटली आणि कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. धाकट्याच्या एक करोडात याहून जास्त काय आहे, ते त्यानं मला येऊन समजावून सांगावं.

परवा मुलीचा फोन आला. शेततळं माझ्या भागात आहे, थोरल्याचं वावर पलीकडे, आणि मध्ये तिचे दोन एकर. थोरल्याला तुरीला पाणी द्यायचं आहे, आणि पाइप तिच्या वावरातून न्यावा लागतो. त्यानं बायकोच्या तोंडून निरोप पाठवला होता.

"मंग तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"म्हटलं, न्या ना पाइप. फक्त दादाले सांगा, मले सोताच्या तोंडानं फोन करा."

"केला काय त्यानं?"

"नाही अजून."

तुरीला फूल लागलं आहे, पाणी आताच पाहिजे. थोरला संध्याकाळी ओट्यावर बसतो, मोबाइल काढतो, थोडा वेळ पाहतो आणि खिशात ठेवतो. पाइपचं वेटोळं अंगणात पडलं आहे. मी त्याच्या बाजूला बसून शेंगा सोलते आणि एक शब्द बोलत नाही.