आक्काची फळी

भाच्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ आक्कानं तिसऱ्यांदा लावायला सांगितला, तेव्हा आम्हाला वाटलं, तिला मजा वाटतेय. भाचा राजवर्धन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याच्या कंपनीतली मुलं रविवारी राधानगरीकडच्या एका तलावावर गेली होती. हवा भरलेल्या लांबट फळीवर उभं राहायचं आणि उंच वल्ह्यानं पाणी मारत पुढं जायचं, असा तो प्रकार. पॅडल बोर्ड म्हणतात त्याला. आक्का मात्र मुलांकडे बघतच नव्हती. तिनं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“सयाजी, ह्यो उंबर वळकलास?”

मी चष्मा पुसून पाहिलं. पलीकडच्या काठावर पाण्यावर वाकलेलं एक झाड. मला काही ओळखू आलं नाही.

“आरं, आपल्या वरच्या बांधावरचा न्हवं का! त्याच्या म्होरं पाणी दिसतंय, ते आपलं शेत.”

आक्का, म्हणजे बाळाबाई, माझी थोरली बहीण. वय अडुसष्ट, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती पेठ वडगावला गेली आणि दोनच वर्षांत तलाव झाला, आमचं भाताचं शेत पाण्याखाली गेलं. त्यानंतर ती तिकडे फिरकली नाही. त्या शेताची माझी एकच आठवण पक्की आहे. चिखलणी झाली की चिखल सपाट करायला आमचे वडील आण्णा बैलांमागं लाकडी फळी जोडायचे. फळीवर वजन हवं म्हणून आक्का उभी राहायची आणि चार वर्षांचा मी तिच्या पायांना विळखा घालून बसायचो.

“मला जायचंय तितं,” आक्का म्हणाली. “फळीवर उभं ऱ्हाऊन.”

राजवर्धन हसला, पण आईचा चेहरा बघून लगेच थांबला. “आई, तुझा हात?”

दोन वर्षांपूर्वी जिन्यात घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. आत धातूची पट्टी आहे. हातात वस्तू धरता येते, पण तळवा टेकून त्यावर भार देता येत नाही.

मी आम्हा दोघांसाठी सहलीच्या गाईडला फोन लावला. प्रियदर्शनी तिचं नाव, कोल्हापूरचीच मुलगी. वयाला तिची हरकत नव्हती. अट एकच होती. “काठावर ठेवलेल्या बोर्डवर आपलं आपण उभं राहून दाखवायचं. तीन वेळा, कुणाचा हात न धरता. जमलं तर उंबरापर्यंत नेते. नाही जमलं तर काठालगतच, बसून.”

तिनं सूचनांची यादी पाठवली. मी ती ऑफिसात छापून घेतली आणि आक्काच्या गच्चीच्या दारावर चिकटवली. हातात तीन आठवडे होते. रोज संध्याकाळी सहाला मी हजर व्हायचो. गच्चीवर गादी टाकायची, तोच आमचा बोर्ड. आधी गुडघे टेका. मग दोन्ही तळवे पुढे टेका. मग एक पाऊल, मग दुसरं. नजर समोर. मी वाचायचो, आक्का करायची.

साडी नको, असं यादीत होतं. आक्कानं मुलाची ट्रॅक पँट चढवली आणि खाली कोणी बघत नाही ना, हे दोनदा पाहून घेतलं. तरी शेजारच्या गच्चीवरून चिमणाबाईंनी पाहिलंच.

“काय गं बाळाबाई, तालमीत नाव घातलंस का काय?”

“व्हय. पयली कुस्ती तुझ्यासंगंच हाय. ये खाली.”

तोंडानं ती अशी जिंकायची. पण दुसऱ्या पायरीला रोज अडायची. उजवा तळवा टेकला की कळ खांद्यापर्यंत जायची. मी उशी ठेवून पाहिली, टॉवेलची घडी ठेवून पाहिली. “यादीत असंच आहे आक्का, पुन्हा एकदा,” म्हणत राहिलो. सोळाव्या दिवशी ती गादीवर तशीच बसून राहिली.

“सयाजी, तू एकटाच जाऊन ये. उंबराचा तेवढा फोटो काढ.”

ती उठली आणि वाळत घातलेले सांडगे गोळा करायला गेली. उकिडवी बसून तिनं परात भरली. मग परात दोन्ही हातांत समोर धरून ती सरळ उभी राहिली. कुठंही न टेकता.

“आक्का, थांब! परत बस.”

“का? काय सांडलं?”

“काही नाही. बस आणि तशीच उठ.”

ती बसली, उठली. पुन्हा बसली, उठली. मी दारावरची यादी काढून खिशात घातली. सोळा दिवस मी तिला नको ते शिकवत होतो.

रविवारी सकाळी काठावर आम्ही सातजण. लाइफ जॅकेटात आक्का आणखीच लहान दिसत होती. बाकीच्यांनी गुडघे टेकले. आक्का बोर्डच्या मधोमध उकिडवी बसली, वल्हं परातीसारखं समोर आडवं धरलं आणि उभी राहिली. प्रियदर्शनीनं तीन वेळा बघितलं. मग गुडघाभर पाण्यात बोर्ड नेऊन तिथंही उठायला लावलं, वर मुद्दाम जरा हलवला. आक्काचे गुडघे थोडे वाकले, नजर समोरच राहिली.

“काकू, हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“चुलीनं,” आक्का म्हणाली.

माझं मात्र दोनदा जमलं आणि तिसऱ्यांदा मी गवतावर आडवा झालो. जन्मभर खुर्चीत बसलेले गुडघे. प्रियदर्शनीनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. अट मलाच तोंडपाठ होती, वाद घालायला जागा नव्हती.

मी काठालगत बोर्डवर बसून राहिलो. आक्का निघाली. शेजारच्या बोर्डवर प्रियदर्शनी होती. आक्काचं वल्हं हळू पडत होतं, बोर्ड मधूनच तिरका व्हायचा, पण ती उभी होती. उंबरापाशी पोचल्यावर तिनं वल्हं थांबवलं आणि बराच वेळ खाली पाण्यात बघत राहिली. मग तिचा आवाज सगळ्या तलावावर घुमला.

“सयाजी! हितंच हाय बघ आपलं!”

मी हात वर केला.

परत येताना तिनं बोर्ड माझ्याकडे वळवला. तो माझ्या बोर्डला येऊन टेकला तेव्हाही ती उभीच होती. तिची ओली पावलं माझ्या हाताशी आली. मी न विचारता तिचा घोटा धरला.

“धर,” आक्का म्हणाली, “पर वढू नगंस. आता वजन लई झालंय तुजं.”