सासर न विचारणारा फॉर्म

डॉ. प्रमोदिनीला दुसऱ्यांच्या घरच्या चौकशा करायची खोड लहानपणापासूनची. पिपरी मेघेतल्या शेजारणी म्हणायच्या, या पोरीला भोचकपणाचाच पगार मिळेल. आणि झालंही तसंच. १९७४ साली ती वैद्यकीय महाविद्यालयात साथीच्या रोगांच्या विभागात लागली आणि पुढं जिल्हाभर विहिरी, नळ, हगवण, ताप यांची उठाठेव करत फिरली. एखादा आजारी का पडला, यापेक्षा त्याचा शेजारी का पडला नाही, याचंच तिला जास्त कुतूहल.

१९८३च्या हिवाळ्यात मात्र तिची मती गुंग झाली. चार गावांत चार गरोदर बायका काविळीनं गेल्या. गावागणिक एकच. साथ म्हणावी, तर घरात दुसऱ्या कुणाचे डोळे पिवळे नाहीत. पाणी तपासून आणलं, तर ते स्वच्छ. भिंतीवरच्या नकाशात चार टाचण्या चार दिशांना, कुणाचा कुणाशी संबंध नाही.

चौथी टाचणी आंजीची. तिथं मनकर्णाबाईची थोरली लेक भागीरथा गेली होती. प्रमोदिनी त्या घरी तिसऱ्यांदा गेली, तरी पाण्याचा लोटा काही पुढं आला नाही. या मुलखात असं घर तिनं पाहिलं नव्हतं. न राहवून तिनं कारण विचारलंच.

"आमच्या घरचं पानी आता कोनी पेत नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्याच पान्यानं पोरगी गेली म्हनते व्याही. धाकटी सुलोचना त्याच घरी देली हाय. सातवा लागला तिले, पन धाडत नाई म्हनते."

"भागीरथा इथं कधी आली होती?"

"दिवाळीले आनली. पंधरा दिसांत डोये पिवये झाले."

प्रमोदिनीचं पेन थांबलं. ही कावीळ पाण्यातून पोटात शिरली की महिना-सव्वा महिना दबा धरून बसते, हे ती दरवर्षी विद्यार्थ्यांकडून घोकून घ्यायची. म्हणजे भागीरथा आंजीला आली ती रोग घेऊनच.

"तिचं सासर कोणतं?"

"टेंभरखेडा."

इकडं बसथांब्यावर भेटलेली अनोळखी बाईसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारते. प्रमोदिनीच्या छापील फॉर्मात सत्तेचाळीस प्रश्न होते आणि नेमका हाच नव्हता. फॉर्म तिनंच बनवलेला. ती स्वतः पहिल्या बाळंतपणाला पिपरी मेघेला आईकडे गेली होती, तरीही नव्हता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याच दिवशी जीप घेऊन ती उरलेल्या तिन्ही घरी गेली. तिन्ही लेकी टेंभरखेड्याच्या सुना. त्या गावात कागदोपत्री एकही मृत्यू नव्हता. पुरुष पिवळे पडले, झाडपाला घेऊन बरे झाले, दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. ही कावीळ जिवावर उठते ती गरोदरपणात; सुना तेवढ्या माहेरी जाऊन मेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं गाव पालथं घातलं, तेव्हा नळाचा पाइप नाल्यातच सांध्यावर फुटलेला सापडला.

सुलोचनाचा सासरा लक्ष्मणराव ऐकेना. "एक गेली तिथं. दुसरी काऊन धाडू?"

"तिथं गेली, पण पाणी इथलं पिऊन गेली," प्रमोदिनी म्हणाली आणि त्याला नाल्यावर घेऊन गेली. त्यानं खाली वाकून तो सांधा हातानं चाचपला. घरी आल्यावर सुनेला एवढंच म्हणाला, "पिशवी भर."

सुलोचनाचे डोळे पांढरे होते. पण खरं काय ते कळायला महिना जाणार होता. तेवढ्यात ती आंजीत आजारी पडली, तर दोष पुन्हा मनकर्णाबाईच्याच दाराशी येणार. जीप दारात थांबल्यावर प्रमोदिनीनं मनकर्णाबाईला हे काही न लपवता सांगितलं.

"माही पोरगी हाय," मनकर्णाबाई म्हणाली. "उतरू द्या."

तिनं लेकीसाठी लोटा भरला, पण हात काही पुढं होईना. बाहेर शेजारणी उभ्या होत्या.

"आधी मले द्या," प्रमोदिनी म्हणाली. सगळ्यांसमोर तिनं घटाघटा लोटा रिकामा केला आणि परत दिला.

"आता भरा लेकीसाठी."