बोथ्रीबाई

आमच्या बाई दोन्ही कोपरं अंगाला घट्ट चिकटवून, नुसती मनगटं बाहेर फेकत वर्गात चालून दाखवायच्या. ‘बोथ्रिओलेपिस तळाशी असा सरकत असावा.’ कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला हा मासा. डोक्यापासून अर्ध्या अंगापर्यंत हाडांचं चिलखत आणि हातांसारखे सांधे असलेले दोन पर. लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा त्याच्यावर इतका जीव, की मुलांनी त्यांनाच बोथ्रीबाई करून टाकलं. ते कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की निदान अर्धं नाव तरी पाठ झालं तुमचं.

माहेर नायगावचं. एरवी भाषा पुस्तकी, पण रंगात आल्या की म्हणायच्या, ‘लई देखणा नव्हता, पण लई टिकला.’

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नळ मात्र कोरडे. त्या दुष्काळात बाई शिकवत होत्या, की आटत्या डबक्यात अडकून हे मासे झुंडीनं मेले आणि त्यांचे दगड झाले. मधेच थांबल्या. ‘पाणीच गेल्यावर चिलखत काय करील?’

तेव्हा वर्गातली सुमन म्हणाली, की तिच्या गावच्या तळ्यातही आता डबकंच उरलंय, मासे तोंड वर काढून राहिलेत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला एसटीनं तिथं नेलं आणि पदर खोचून आधी स्वतः चिखलात उतरल्या. बघे म्हणू लागले, माणसांना पाणी नाही अन् माशांची कसली चाकरी. ते खोटं नव्हतं. पाणी होतं फक्त सुमनच्या चुलत्यांच्या, अप्पांच्या, विहिरीत. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, मासळीचा वासही न सोसणारे. हे मासे तुमच्या विहिरीत सोडू का, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी विहिरीचा काठ मोकळा करून दिला.

‘आमच्यात मासळी शिजत न्हाई. पण जगवायला काय हरकत हाय? टाका.’

मग दुपारभर बादल्या चालल्या. काही मासे वाटेतच मेले, बरेच जगले.

पुढल्या पावसाळ्यात तळं भरलं. अप्पांनी मासे परत सोडले, तसा निरोपही धाडला.

निवृत्तीनंतर बाई नायगावला जायला निघाल्या, त्याआधी अप्पांना भेटायला गेल्या. मी सोबत होते. विहिरीत डोकावून बाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा खाली बघत म्हणाले, ‘चार ठिवले. वाकलं की वर येतात. सोडवंना.’

आणि त्यांनी घरातून मूठभर पीठ आणून बाईंच्या हातावर ठेवलं.

आमची एसटी त्या दिवशी चुकली.