आटणारं पाणी

मालती गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्यावर एसटीची वाट पाहत उभी होते. तिचा धाकटा भाऊ बबन एवढंच म्हणाला, "ताई गेली... झोपेतच." त्याला दीड-दोन महिने झाले. आता पाऊस चांगला बसलाय, आणि माझं कशातच चित्त लागत नाही. भाजी चिरायला घेते, तशीच टाकून अंगणात येते, पठाराकडे बघत राहते...

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी मराठी. पिंपरी पेंढारच्या वरच्या पठारावर, कातळाच्या खळग्यांत पावसाळ्यापुरती डबकी साठतात. दर श्रावणात ती मला तिकडे ओढून न्यायची. काचेसारखे आरपार दिसणारे, उताणे पोहणारे इवले जीव मी तिथंच पाहिले. डबकं आटलं की ते मरतात. त्यांची अंडी मात्र उन्हाळाभर सुक्या मातीत तग धरून राहतात.

मग गावानं तिथंच तळं खोदायचं ठरवलं. पुढाकार बबनचा. ग्रामसभेत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, लोकं टँकरमागं पळत्यात आन तुला किड्यांची पडलीय."

मालती उठली. "तळं पायजेच, बबन. पण खाली वढ्याकाठी खोदा. वर बारमाही पाणी झालं की कुणीतरी मासे सोडणार, आन मासे ह्यांना खाऊन टाकणार. पाणी आटतं म्हणून तर हे जगत्यात."

कुणी ऐकेना. शेवटी मागून एक बाई बोलली, "वरनं हंडे कोण आणणार? आमीच ना?" बायकांमध्ये कुजबुज वाढली, आणि तळं खाली ओढ्याकाठी गेलं. पण तोवर जेसीबीनं वरचं सगळ्यांत मोठं डबकं उकरून टाकलं होतं. मालती पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही. बहीण-भावाचं बोलणंही कितीतरी दिवस बंद होतं.

गेल्या रविवारी बबन दारात आला. "चला बाई, वर जाऊन येऊ." वाटभर मला एकच घोर होता, उकरलेल्या त्या मातीत काही उरलं असेल का... आणि आता हे विचारायचं तरी कुणाला? कातळ सुरू झाला तिथं बबन थांबला. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या.

"ताई काढाय लावायची," तो म्हणाला. "पायाखाली काय जगत आसंल, दिसत न्हाई म्हणायची."

मीही चपला काढल्या.