बोर्ड वर घेतला

मान दुखायला लागली तेव्हा मी उशीला दोष दिला. तीन उशा बदलल्या. मग डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा नवऱ्याने धरून एमआरआयला नेलं.

"मणक्यात गाठ आहे, पण साधी. कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढत नाही तोवर ऑपरेशन नको. दर वर्षी तपासू. व्यायाम करा आणि मान खाली घालून फार वेळ बसू नका."

घरी येऊन नवऱ्याने हे आईला सांगितलं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकलं, देवापुढे दिवा लावला आणि मग म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून हिने माझ्यासमोर मान खाली घातल्यान नाय. आता तर डॉक्टरांनीच सांगितल्यानी." इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर हसले.

व्यायाम जमला. शेकही जमला. कॅरम मात्र सुटला. आमची करी रोडची बिल्डिंग जुन्या चाळीच्या जागीच उभी राहिली. खालच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चाळीतलाच बोर्ड मांडतात. सासूबाई आणि मी जोडीने खेळायचो. बोर्डावर वाकलं की खांद्यापर्यंत कळ जायची, म्हणून मी जाणंच बंद केलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं. बोर्ड जेवणाच्या टेबलावर चढवलेला, माझ्यासाठी बुटकं स्टूल. बाकीच्यांच्या खुर्च्यांवर सतरंज्यांच्या घड्या.

"तुका वाकूक जमना नाय, तर बोर्ड वर येतलो," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावरचे काका कुरकुरले, "वहिनी, ही काय पद्धत झाली?"

"हरूचा भय वाटता काय?" सासूबाईंनी विचारलं. काका खुर्ची ओढून सोंगट्या मांडायला लागले.

सोंगट्या आता जवळजवळ डोळ्यांसमोर होत्या. पहिले दोन बोर्ड माझं सगळं चुकलं. तिसऱ्यात माझ्या हातून राणी भोकात गेली, पाठोपाठ कव्हरची सोंगटीही. सासूबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की बोरिक पावडर काकांच्या चष्म्यावर उडाली.

पुढे बिल्डिंगच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो आणि काका-काकूंकडूनच हरलो. दुसऱ्या दिवशी मान दुखली, दोन दिवस पट्टा लावून ऑफिसला गेले. तिथे कोणी विचारलं तर मी आधी कॅरमचंच सांगत होते.

यंदाच्या एमआरआयमध्ये गाठ होती तेवढीच आहे. हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरा झाला. चल, काकूक आव्हान देऊन येऊया."