विजयश्रीचा अडकणारा कंप्युटर

बिदरजवळच्या कमठाण्यात लगीन ठरलं की पत्रिका विजयश्रीच करती. एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला मराठी, इकडं तसंच लागतंय. पावणा कुठला बी असू दे, आपलं नाव आपल्या भाषेत दिसलं की माणूस कसा खुलतोय! विजयश्री स्वतः उदगीरकडली. लगीन होऊन आली तवा तिला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. सासू राजूबाईनं चुलीपुढं बसवून बोलायला शिकवलं, वाचायचं ती बसच्या पाट्या बघून बघून शिकली. मंग घरात कंप्युटर आला अन् बाई त्यात अशी रमली की इचारू नका. येली, मोर, कलश, इतक्या वर्षांच्या सगळ्या पत्रिका त्याच डब्यात. बिदरचा छापखानावाला तिचं काम डोळे झाकून छापतोय.

अन् ऐन दिवाळीच्या तोंडाला, पत्रिकांची गर्दी सुरू झाली अन् कंप्युटर अडकायला लागला. कधी चालू केला की लगीच, कधी दुपारपतोर गुमान चालून. पडद्यावरचा बाण जागीच थिजायचा, काय बी दाबा, हलायचं नाव न्हाई. बंद करून परत चालू करायचं अन् केलेलं काम गेलं म्हणून कपाळाला हात लावायचा.

नवरा शिवराज बिदरला तुरीच्या आडतीत कामाला. त्यानं तिथल्या एका दुरुस्तीवाल्याला इचारलं. तो म्हणला आणा, फॉरमॅट मारू, आतलं सगळं पुसून जाईल पण नव्यासारखा पळंल. सगळं पुसून! पेनड्राइव्हवर उतरून घ्यावं तर उतरता उतरताच अडकायचा. शिवराजनं जाता जाता सांगितलं, सांजच्याला आलो की बांधून ठेवतो, उद्या न्यायचा, अन् तू उघडू नको, हाय ते बी जाईल.

तो गेला अन् ही पदर खोचून बसली. आधी वायरीचा बोर्ड बदलून बघितला. अडकला. शेजारणीचा माऊस आणून लावला. अडकला. मंग तिनं कंप्युटर नुसता चालू ठेवला, एक बी पत्रिका उघडली न्हाई, अन् भाजी निवडत बसली. तरी अडकला! तवा तिला लई बरं वाटलं, म्हणजे माझ्या पत्रिकांचा दोष न्हाई, मंग त्या पुसायच्या कामून?

डब्याला हात लावला तर तव्यासारखा तापलेला. अन् मुका. एरवी आत पंख्याची घरघर असती, ती न्हाईच. परत चालू केला, कान लावून बसली. घरघर आली, थोडा येळ राहिली, मंग कचकन थांबली, अन् जरा येळानं बाण थिजला.

आता कुठलं नवऱ्याचं ऐकणं. वायर काढली, शिलाई मशीनचा पेचकस घेतला अन् बाजूचं झाकण उघडलं. पंख्यात बारीक बारीक वाळकी पानं, अन् पात्यांच्या मधी एक काडी अडकलेली. बन्नीची, म्हणजे शमीची. दसऱ्याला सोनं म्हणून वाटतेत ती.

"आत्याबाई, हे आत कसं गेलं?"

राजूबाई दारातच थबकली. मंग हळू आवाजात म्हणली, "मीच घातलं गं, वरच्या जाळीतनं. दरसाली पैशाच्या पेटीत ठिवतोय की आपण सोनं. म्हणलं आता घरात बरकत ह्या डब्यानं आणलीय, तर त्याचं सोनं त्याला."

विजयश्रीला हसू बी आलं अन् डोळे बी भरले. पोराच्या जुन्या ब्रशनं तिनं पान न् पान काढलं, काडी ओढली, पंखा बोटानं फिरवून बघितला. चालू केला. घरघर सुरू झाली ती थांबलीच न्हाई. आधी सगळ्या पत्रिका पेनड्राइव्हवर उतरल्या. राजूबाई शेजारी पाट टाकून बसली अन् सारखी इचारायली, फिरायलाय का गं, फिरायलाय का.

सांजच्याला शिवराज दोरी घेऊनच आत आला. बघतोय तर बायको पत्रिका करायलीय. त्यानं काय झालतं इचारलं. विजयश्री म्हणली पंखा अडकलता, सासूचं नाव तिनं काढलं न्हाई. पण राजूबाईच मधी बोलली.

"मी सोनं घातलतं आत."

शिवराज दोरी धरून उभाच. सगळं ऐकलं अन् म्हणला, "बरं झालं अव्वा सांगितलीस. दुरुस्तीवाल्याकडं कामून, सोनाराकडंच न्यावं लागलं असतं."

राजूबाईनं त्याला हाणायला हात उचलला, पण हसायली. मंग सुनेला म्हणली, "आता पुढच्या साली त्याचं सोनं कुठं ठिवू गं?"

"माझ्या हातावर ठिवा की," विजयश्री म्हणली. "डबा कुठं पत्रिका करतोय."

राजूबाई उठून चहा टाकायला गेली, अन् पत्रिकेची कन्नड बाजू अजून राहिली होती म्हणून विजयश्री परत कामाला लागली.