पगाराचे वाफे

एकोणीसशे ब्याण्णवच्या होळीनंतर अंतरवाली सराटीच्या रखमाजीला नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या गोदामावर वॉचमनची नोकरी लागली. त्याच्या थोरल्या भावाने, अप्पारावने, गावच्या चौकात चहा पीत भाकीत करून टाकलं, "पोळ्यापर्यंत येतंय बघा परत. त्याची खोली मी झाडूनच ठेवलीय." अप्पाराव माणूस वाईट नव्हता. फक्त भाऊ चुकावा आणि आपलं खरं व्हावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा.

रखमाजीच्या बायकोला, सगुणाबाईला, मात्र परत जायचं नव्हतं. इथे नळ दारात होता आणि जाऊबाई दारात नव्हती.

अडचण पगाराची होती. म्हणजे पगार दर महिन्याला येत होता, हीच अडचण. रखमाजीने जन्मात पैसा बघितला तो कापूस विकल्यावर, वर्षातून एकदा. पैसा आला की वर्षाचं सामान भरायचं आणि मग खिशाकडे बघायचं नाही, ही घराण्याची रीत. पहिला पगार हातात पडताच त्याने वर्षाच्या मिरच्या आणल्या. पोतंभर!

घरमालकीण बसंतीबाई ओट्यावरून बघत होत्या. "रखमाजी, दुकान लगाना है क्या?"

"न्हाई मावशी, वर्साचं भरून घेतलं. आता बिलकुल चिंता न्हाई."

पुढच्या पगारांत गुळाच्या ढेपा आल्या, तूरडाळ आली. घरात सगळं वर्षाचं होतं, पण वीस तारखेनंतर दूध नव्हतं, रॉकेल नव्हतं आणि भाडं थकलं होतं. अप्पाराव बाजाराच्या निमित्ताने नेमका तेव्हाच टपकला. गुळाचा कोरा चहा प्यायला आणि गावात जाऊन म्हणाला, "जालन्यात गेलं की मानूस दूध इसरतंय!"

त्यात बसंतीबाईंनी बजावलं, "पुढच्या महिन्यात भाडं बराबर पाहिजे, नाहीतर खोली खाली करा. आणि मिरच्या मी घेणार नाही, सांगून ठेवते."

कारण रखमाजीने मिरच्या देऊ केल्या होत्या.

सगुणाबाई मिरच्यांची देठं खुडत बसली होती. "अवो, उन्हाळ्यात आपल्या हिरीला पाणी किती असायचं?"

"घंटाभर मोटार चालायची. मंग आटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच."

"मंग तेवढं समदं एकाच वाफ्यात सोडायचे का तुमी?"

"येडी का तू? बाकीचं रान जळंल की!"

एवढं बोलला आणि रखमाजीची नजर कोपऱ्यातल्या गुळाच्या ढेपांवर गेली. सगुणाबाई देठं खुडत राहिली.

पुढच्या पगाराला त्याने गोदामातला खडू आणला आणि शहाबादी फरशीवर वाफे आखले. भाडं, किराणा, दूध, रॉकेल, तंबाखू आणि टोकाला आलं-गेलं. सगुणाबाईने नोटा उचलून भाड्याकडे हात नेला.

"थांब. पाणी कमी असलं की दारं शेवटून धरायचं, टोकाचा वाफा आधी भिजवायचा. पाटाच्या तोंडचा वाफा कधी उपाशी ऱ्हात न्हाई, तिथं मालक उभाच असतो."

आणि खरंच, बसंतीबाई दारात उभ्या होत्या.

रखमाजीने टोकापासून भरत आणलं. भाड्यापाशी पोचला तर पैसे कमी पडले. तंबाखूचा वाफा जरा ऐसपैस निघाला होता. सगुणाबाईने पायाच्या अंगठ्याने त्याचा बांध पुसला आणि पार आत सरकवला.

"अगं, ते हातचं पीक हाय!"

"जळू द्या."

बसंतीबाई पहिल्यांदाच खळखळून हसल्या, आणि भाडं मोजून घेऊन गेल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अप्पाराव आला. महिनाअखेर मुद्दाम साधलेली, सामान बांधायला रिकामं पोतं काखेत. सगुणाबाईने पदर सावरून चहा पुढे ठेवला. घोट घेऊन अप्पाराव थबकला.

"रखमा, दुधाचा?"

"व्हय दादा. शेवटच्या वाफ्यातला हाय, आल्या-गेल्याच्या."

अप्पारावला काही कळेना. मग रखमाजीने फरशीवरचे वाफे दाखवले. अप्पाराव उकिडवा बसून, शेत बघावं तसं बघत राहिला.

"बराबर हाय," तो अखेर म्हणाला. "पण गड्या, तंबाखूला लईच कमी पाणी." आणि त्याने आपली चंची भावापुढे सरकवली.

रिकामं पोतं रिकामं गेलं नाही. सगुणाबाईने त्यात निम्म्या मिरच्या भरल्या. अप्पाराव एसटीत अंबडपर्यंत शिंकत गेला.

गावात पोचल्यावर चौकात त्याने काही भाकीत केलं नाही. भावाच्या झाडून ठेवलेल्या खोलीत मात्र दुसऱ्याच आठवड्यात खताची पोती रचली.